डॅरेलच्या फ्रिजवरचा डावखुरा

गेल्या ऑगस्टात केल्सी लँडिंगमध्ये बातमी पसरली की व्हर्लिन स्टॉटलमायरने आपल्या मेव्हण्याचं, डॅरेल पुगचं, घर फोडलं. बातमी निघाली डॅरेलच्या शेजारणीच्या, मिसेस हॅचच्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. गावातल्या बहुतेक बातम्या तिथूनच निघतात. सकाळी अकराला ती निघाली तेव्हा 'व्हर्लिन मागच्या दाराने आत गेला' एवढीच होती. न्हाव्याच्या दुकानात पोचेपर्यंत दाराची काच फुटली होती. दुपारी चर्चच्या बायका गोधडीला टाके घालायला बसल्या तोवर तिजोरीही गेली होती, आणि डॅरेल पुगच्या घरात तिजोरी आली कधी, हा प्रश्न एकीलाही पडला नाही.

खरं एवढंच होतं की डॅरेल बायकोला घेऊन इरी तळ्यावर मासे धरायला गेला होता, त्याच्या घराची किल्ली व्हर्लिनच्या खिशात होती आणि मांजरीला खाणं घालायचं काम त्याच्या बायकोनेच, म्हणजे डॅरेलच्या बहिणीने, त्याच्या गळ्यात मारलं होतं. मांजरीचं पोट भरलं. घरातली काडी हलली नाही. मिसेस हॅचने पाहिलं ते मात्र खोटं नव्हतं: व्हर्लिन चाळीस मिनिटं डॅरेलच्या फ्रिजसमोर उभा होता, डोळ्याला भिंग लावून, फ्रिजपासून वीतभर अंतरावर. चोर फ्रिज उघडतो; हा गृहस्थ फ्रिजचं दार वाचत होता.

आता हे समजायचं तर व्हर्लिन समजायला हवा.

नदीकाठच्या चिनीमातीच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं ताटल्या निवडल्या. भट्टीतून निघालेली ताटली हातात घ्यायची, बोटाच्या पेराने टिचकी मारायची, आवाज ऐकायचा आणि ठरवायचं: पहिल्या प्रतीची, दुसऱ्या प्रतीची, की फुटक्यांच्या पिंपात. दिवसाला हजारो ताटल्या. कारखाना बंद पडला तरी टिचकी काही सुटली नाही. लोकांच्या घरी जेवायला गेला की वाढायच्या आधी ताटली वाजवून बघतो. मावीसने, म्हणजे बायकोने, यासाठी त्याच्या हातावर कितीदा चमचा मारलाय त्याला गणती नाही.

तीच सवय फोटोंमध्ये शिरली. चाळीस वर्षं तो जुन्या बेसबॉलचे फोटो जमवतोय, आणि तेही मूळ प्रती. मूळ म्हणजे त्याच्या भाषेत त्याच काळी, त्याच काचेच्या निगेटिव्हवरून छापलेला. पुढे कधीतरी फोटोवरून फोटो काढून छापलेला चेहरा कितीही देखणा असो, तो दुसऱ्या प्रतीचा. कोणी फोटो पुढे केला की व्हर्लिन तो आधी उलटा करतो. "आधी पाठ, मग तोंड," असं म्हणतो. पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का, वर्तमानपत्राच्या कचेरीतली पेन्सिलीची खूण, चिकटवलेल्या कागदाचा पिवळा डाग, हे सगळं वाचून झाल्यावर मग माणसाकडे बघायचं. तळघरात त्याने एक जांभळा दिवा लावलाय; त्याच्या उजेडात अलीकडचा कागद भुतासारखा चमकतो आणि जुना गप्प राहतो. आणि माणूस ओळखायचा कानावरून. मिशा येतात-जातात, पोट सुटतं, टोपी कपाळ खाते, पण कान जन्मभर तोच.

आमच्या गावचा संघ म्हणजे पॉटर्स. १८८७ साली या संघात ॲन्सेल ग्रब नावाचा डावखुरा होता. बाहेरून आलेल्या बलाढ्य संघाचे सतरा गडी त्याने एका दुपारी बाद केले, आणि पुढच्या वसंतात पश्चिमेकडे निघून गेला तो गेलाच. लहानपणी घोड्याने चावा घेऊन त्याच्या डाव्या कानाचा वरचा तुकडा नेला होता. हे त्या वेळच्या वर्तमानपत्रात छापलेलं आहे. छापलेला नाही तो त्याचा फोटो. व्हर्लिनकडे पॉटर्सचे चौतीस मूळ फोटो आहेत, संघाच्या पाणक्यापर्यंत सगळे आहेत, फक्त ग्रब नाही. चाळीस वर्षं तो एक फाटका कान शोधत होता.

आणि डॅरेल? डॅरेल पुग हा देवाचा लाडका. लॉटरीचं तिकीट घेतो तर टर्की लागते. हरणाच्या शिकारीच्या मोसमात पहिल्या दिवशी नऊ वाजता घरी, हरीण गाडीत. साठी उलटली तरी डोक्यावर केस असे, की व्हर्लिन टोपी काढायची टाळतो. कारखान्यात व्हर्लिनच्या नंतर लागला आणि आधी मुकादम झाला. हे सगळं व्हर्लिनने गिळलं होतं. एकच समाधान होतं: जुन्या फोटोंमध्ये डॅरेलला ओ की ठो कळत नाही. ती एक खोली व्हर्लिनची स्वतःची होती, आणि तिथे मेव्हण्याला प्रवेश नव्हता.

घरफोडीच्या बातमीच्या दीडेक आठवडा आधी, एका रविवारी दुपारी डॅरेल जेवायला आला. हॅम झालं, मका झाला, मावीस पीचची पाय, म्हणजे फळाचं सारण भरून भाजलेली गोड पोळी, कापायला उठली आणि डॅरेलने खिशातून सँडविचची पिशवी काढली.

"व्हर्लिन, भिंग जवळ आहे का? की रविवारी त्यालाही सुट्टी असते?"

"काय आहे?"

"काय आहे ते तूच सांग. मेथडिस्ट चर्चच्या जुन्या सामानाच्या सेलमध्ये दोन डॉलरला गळांची पेटी घेतली. तळाशी हा बाबा होता. गळ गंजलेले निघाले, हा मात्र बरा आहे."

पिशवीतून मासळीच्या वासासकट एक पत्रा निघाला, पत्त्यांतल्या पानापेक्षा जरासा मोठा. टिनटाईप म्हणतात त्याला, पण पत्रा असतो लोखंडाचा. व्हर्लिनने सवयीने पाठ पाहिली. पाठीला काळं रोगण, शिक्का नाही की अक्षर नाही. मग तोंड पाहिलं.

विशीतला एक पोरगा उभा होता. टोपी, गळाबंद शर्ट, उचललेल्या हातात चेंडू. एका कानाचा वरचा तुकडा गायब.

व्हर्लिनच्या छातीत काहीतरी भट्टीचं दार उघडावं तसं झालं. आनंद म्हणावा तर पहिला अर्धा क्षण आनंदच होता. मग पत्रा पुढे करणारा डॅरेलचा हात त्याने पाहिला, त्याच्यावरचे आळशी लाल केस पाहिले, आणि आनंद कडू झाला. चाळीस वर्षं ज्याने पाण्यात गळ टाकला त्याला शेवाळ, आणि ज्याने नुसती पेटी विकत घेतली त्याला मासा. ज्याला दात नाहीत त्याच्या पुढ्यात चणे ठेवायची देवाची ही खोड व्हर्लिनला कधीच आवडलेली नाही.

त्याने भिंग लावलं, चूक शोधायला. आणि ती सापडली. चेंडू उजव्या हातात होता. तुटका कानही उजवा. थंड पाणी प्याल्यासारखं वाटलं त्याला.

"हा ग्रब नाही," तो म्हणाला.

"कोण ग्रब?" डॅरेलने विचारलं. त्याला तेही माहीत नव्हतं.

"ॲन्सेल ग्रब. मी आयुष्यभर शोधतोय तो. तो डावखुरा होता, हा उजव्या हाताने टाकतोय. ग्रबचा डावा कान फाटका, याचा उजवा. कोणीतरी शेतावरचा पोरगा असेल, टोपी घालून फोटो काढून घेतलेला."

"पण कान तर फाटलाय."

"त्या काळी कान बरेच फाटत असत."

मावीसने पाय वाढली. व्हर्लिनने ताटलीला टिचकीसुद्धा मारली नाही, इतका तो खुशीत होता. पहिला घास, दुसरा घास. तिसऱ्या घासाला काटा हवेत थांबला.

हातही उलटा, कानही उलटा. दोन्ही चुका, आणि दोन्ही एकाच तऱ्हेच्या.

पत्र्यावरच्या फोटोला काच नसते, कागदही नसतो. कॅमेऱ्यात जे पडतं ते थेट पत्र्यावर उमटतं, आरशात पडावं तसं: डावं ते उजवं, उजवं ते डावं. या छंदातलं हे पहिलीचं पुस्तक आहे. दोन वर्षांपूर्वी याच व्हर्लिनने लायब्ररीतल्या भाषणात, याच चुकीवरून, एका निवृत्त मास्तरला सगळ्या गावासमोर शेंडीपासून टाचेपर्यंत सोललं होतं. "पत्रा बघताना ज्याला आरसा आठवत नाही त्याने पोस्टाची तिकिटं जमवावीत," असं तेव्हा म्हणाला होता. आणि आज चाळीस वर्षांची विद्या एका मत्सराच्या ढेकरेबरोबर उडून गेली.

तो बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. पण नेमका तेव्हाच डॅरेल हसला.

"जाऊ दे रे. चाळीस वर्षांत तुला नाही मिळाला, तो मला दोन डॉलरमध्ये कुठून मिळायला? पण मिळाला असता ना, तर तुझं तोंड बघायला मी तिकीट काढलं असतं."

व्हर्लिनने उघड्या तोंडात पाय भरली. डॅरेलने पत्रा पिशवीत घातला आणि घरी नेऊन फ्रिजला लावला. लोखंड ते, दोन चुंबकांनी मस्त बसलं. शेजारी गॅसवाल्याचं बिल आणि मांजरीच्या डॉक्टरची तारीख.

यापुढचे दिवस व्हर्लिनने कसे काढले ते मावीसलाच विचारावं. लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लायब्ररीत पॉटर्सच्या फोटोंची भिंत लोकांसाठी उघडणार होती. चौतीस फोटो व्हर्लिनचे आणि मधोमध एक रिकामी चौकट; खाली पाटी, 'ॲन्सेल ग्रब. छायाचित्र उपलब्ध नाही.' ती चौकट व्हर्लिनला बाकीच्या चौतिसांपेक्षा लाडकी होती. कारण तिचा अर्थ एकच होता: व्हर्लिनला मिळाला नाही, म्हणजे तो जगात नाही. आता त्या चौकटीत डॅरेल घुसणार, आणि तोही शीळ घालत.

लायब्ररीच्या इमोजीन काल्डवेलबाईंनी फोन केला. "मिस्टर स्टॉटलमायर, पाट्या छापायला जातायत. मधली चौकट रिकामीच ठेवायची ना? तुमच्या कानावर काही नवीन?"

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "रिकामीच राहू द्या."

फोन ठेवल्यावर तो तळघरात गेला आणि पॉटर्सचे सगळे फोटो पाठीकडून पाहत बसला. तोंडं बघायची त्याला लाज वाटत होती.

पुढच्या आठवड्यात डॅरेल तळ्यावर गेला आणि मांजरीचं काम आलं. व्हर्लिन किल्ली घेऊन निघाला तो एकच आशा मनात धरून: पत्रा पुन्हा नीट पाहावा आणि रविवारी आपण बोललो तेच खरं निघावं. सोबत त्याने आपले दोन फोटो घेतले होते. पॉटर्सचे सगळे खेळाडू गावातल्या एकाच स्टुडिओत, एकाच रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहत. पडद्यावर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला एक दगडी कलश रंगवलेला, त्याच्या कडेला एक टवका उडालेला. चौतिसांपैकी अकरा फोटोंत तो कलश आहे.

फ्रिजवरच्या पत्र्यातही होता, धूसर, पोरग्याच्या कोपरामागे. रविवारी मत्सराने कानापलीकडे पाहूच दिलं नव्हतं. टवकाही तोच, फक्त कलश उजव्या हाताला.

व्हर्लिन चाळीस मिनिटं बघत राहिला. कुठेतरी एखादी चूक सापडेल म्हणून त्याने टोपी पाहिली, गुंड्या पाहिल्या, चेंडूची शिवण पाहिली. सगळं उलटं होतं आणि सगळं बरोबर होतं. गळांच्या पेटीतून आलेला, मासळीच्या वासाचा, बिलाशेजारी लटकलेला तो ग्रबच होता. पहिल्या प्रतीचा.

घरी आला तर मावीस फोन ठेवत होती.

"सहावा फोन," ती म्हणाली. "तू माझ्या भावाचं घर फोडलंस म्हणे. तिजोरी कुठे ठेवलीस?"

"गंमत नको मावीस."

"गंमत नाही. मिसेस हॅच म्हणते तू फ्रिजला नाक लावून रडत होतास."

"रडत नव्हतो. बघत होतो."

"तो पत्रा? तू तर म्हणालास तो कोणी शेतावरचा पोरगा."

मावीसने त्याच्याकडे बघितलं. नवऱ्याला ओळखायला तिला ना दिवा लागतो ना भिंग.

"तोच आहे ना तो?"

"तोच आहे."

"कधी कळलं?"

"पाय खाताना."

"म्हणूनच अर्धी टाकलीस. मला वाटलं साखर कमी पडली." ती खुर्चीवर बसली. "व्हर्ल, चाळीस वर्षं मी तळघरातल्या नऊ-नऊ पुरुषांबरोबर संसार केला. एकदाही कुरकुर केली नाही. का, तर तू भांडखोर आहेस, चिक्कू आहेस, पण खोटा माल खरा म्हणून सांगत नाहीस. आणि आता खऱ्याला खोटा म्हणून बसलायस, तेही कशासाठी? डॅरेलचे केस दाट आहेत म्हणून?"

"केसांचा काय संबंध?"

"तूच सांग काय संबंध."

व्हर्लिनने टोपी घट्ट केली. "सांगेन. लेबर डे होऊ दे."

"मग शेडच्या दारावर जाऊन सांग. डॅरेल शनिवारी येतोय. जाताना म्हणाला, त्या पत्र्याला चार भोकं पाडून होडीच्या शेडवर ठोकणार. आत येणाऱ्याला दिसेल म्हणे."

शनिवारी सकाळी डॅरेलची गाडी वळणावर दिसली तेव्हा व्हर्लिन त्याच्या अंगणात उभाच होता. पण गावच्या पद्धतीप्रमाणे आधी मासे बघावे लागले, ते मोजावे लागले, सगळ्यात मोठा कसा निसटला असता ते ऐकावं लागलं. मग डॅरेल घरात जाऊन पत्रा घेऊन आला, गॅरेजमधल्या फळीवर ठेवला आणि ड्रिल हातात घेतलं.

"कोपऱ्यातच पाडतो," तो म्हणाला. "पोराच्या अंगाला लागणार नाही."

ड्रिल गुरगुरलं. व्हर्लिनने आपला तळहात पत्र्यावर ठेवला.

"अरे, हात काढ. भोक पडेल."

"पडू दे हाताला. हा ग्रब आहे."

डॅरेलने ड्रिल बंद केलं. "तू तर म्हणालास हा ग्रब नाही."

"मी चुकलो. पत्र्यावर सगळं आरशासारखं उलटं उमटतं. हात डावा आहे, कान डावा आहे, मागचा कलश आपल्याच स्टुडिओतला आहे. याचा दुसरा फोटो कोणी पाहिलेला नाही. मी तरी नाही."

"मग रविवारी?"

"रविवारी बोलून झाल्यावर मिनिटभरात कळलं."

डॅरेलने बोटांवर मोजलं. "तेरा दिवस. तेरा दिवस तू गप्प बसलास?"

"हो."

"आणि मी भोकं पाडणार नसतो तर?"

"ते मला माहीत नाही," व्हर्लिन म्हणाला, आणि हे त्याने खरंच सांगितलं. मग पुढचंही बोलून टाकलं. "मला विकतोस का? तू म्हणशील तो भाव."

डॅरेलने ड्रिल फळीवर ठेवलं. त्याला हसू आलं नाही, आणि डॅरेलला हसू न येणं हे व्हर्लिनने पहिल्यांदाच पाहिलं.

"गाढवा," डॅरेल म्हणाला, "त्या रविवारी मी तो तुला द्यायलाच आणला होता. मावीसला म्हणालोही होतो गाडीतून उतरताना, काहीतरी जुनं मिळालंय, व्हर्लिनच्या तळघरात शोभेल. तू म्हणाला असतास 'हा माझा ग्रब', तर पायबरोबर मिळाला असता. आता नाही. आता तो लायब्ररीत लागेल, मधोमध, आणि खाली माझं नाव असेल."

व्हर्लिनने मान डोलावली. पत्र्यावरचा आपला हात मात्र डॅरेलने ड्रिलची वायर काढली तेव्हाच त्याने उचलला.

काल्डवेलबाईंसाठी ओळख पटवणारा कागद व्हर्लिननेच लिहिला: हात, कान, कलश, टवका, आणि पत्र्याचा उलटेपणा, सगळं सविस्तर. पाटी छापून आली: 'ॲन्सेल ग्रब, १८८७. मूळ पत्रा. डॅरेल पुग यांच्या संग्रहातून.' ती वाचून व्हर्लिन थेट बाईंच्या टेबलापाशी गेला.

"एका वस्तूला संग्रह म्हणतात?"

"तुमच्या चौतीस पाट्यांवरही तोच शब्द आहे, मिस्टर स्टॉटलमायर. वेगळा शब्द छापायला आता वेळ नाही."

लेबर डेला सगळं गाव भिंतीसमोर होतं, म्हणजे भिंतीच्या मध्यासमोर. चौतिसांच्या बाजूने येणारे लोक डुलत डुलत मधे यायचे आणि तिथेच थबकायचे. डॅरेल टोपी न घालता उभा होता आणि गोधडीवाल्या बायकांना कलश दाखवून समजावत होता. "पत्रा बघताना आरसा आठवायचा असतो," तो सांगत होता, "हे ज्याला कळत नाही त्याने पोस्टाची तिकिटं जमवावीत." बायका हसत होत्या. मावीस त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने हसत होती.

ताटल्या निवडायच्या टेबलावर पूर्वी व्हर्लिनच्या शेजारी बसणारा एल्डन रुपर्ट सरबताचा पेला घेऊन हळूच त्याच्याजवळ सरकला.

"चाळीस वर्षं तू तळघरात खपलास," एल्डन म्हणाला, "आणि मान त्याचा. तोंडाने कबूल करणार नाहीस, पण जळतंय ना आत?"

व्हर्लिनने चौकटीवरची नजर काढली नाही. म्हणाला, "जळतंय तर. उद्याही येईन, उद्याही जळेल. पण जळतोय तो मूळ प्रतीवर जळतोय, एल्डन. दुसऱ्या प्रतीच्या मालावर मी आयुष्यात कधी जळलेलो नाही."